तक्त्यात न मावलेला चिमटा : लातूरमधील एका कथावाचन वर्गाचे परीक्षण

लातूरच्या ट्यूशन एरियात 'नीट' आणि 'जेईई'च्या फलकांमधून वाट काढत पुढे गेले की एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवारी सायंकाळी कथा वाचायला शिकवणारा एक वर्ग भरतो. 'जाणतेपणाच्या कथा : व्यक्तिरेखा, नातेसंबंध आणि प्रतीके यांचा तौलनिक अभ्यास' असे त्याचे भारदस्त शीर्षक पत्रकावर छापलेले आहे. शुल्क ९०० रुपये असून त्यात सहा कथांचा झेरॉक्स संच, एक कार्यपुस्तिका आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. मी याच जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. अकरावी-बारावीच्या मुलांपुढे कथा ठेवताना 'अमुक पात्राचे स्वभावचित्र लिहा' या प्रश्नाच्या पलीकडे त्यांना कसे न्यावे, ही माझी जुनी अडचण आहे. म्हणून रीतसर पैसे भरून हा वर्ग मी पूर्ण केला. वर्ग चालवणाऱ्यांशी माझी आधीची ओळख नव्हती. पुढे काही तक्रारी मांडायच्या असल्याने त्यांचे नाव येथे देत नाही. ज्यांना जायचे आहे त्यांना त्या भागात चौकशी केल्यावर पाटी सहज सापडेल.

संचातल्या सहा कथा अशा : रवींद्रनाथ टागोरांची 'छुट्टी', जेम्स जॉइसची 'अ‍ॅरबी', कॅथरिन मॅन्सफिल्डची 'द गार्डन पार्टी', प्रेमचंदांची 'ईदगाह', अ‍ॅलिस मन्रोची 'बॉइज अँड गर्ल्स' आणि आपल्या मराठवाड्याचे कथाकार भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल'. निवड विचारपूर्वक केलेली आहे, हे मान्य करायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातल्या बंगालपासून कॅनडातल्या कोल्ह्यांच्या फार्मपर्यंत आणि तिथून आपल्या आठवडी बाजारापर्यंत हा पल्ला जातो, आणि तरीही सहाही कथांचा गाभा एकच राहतो : एक मूल आहे, त्याच्या भोवती मोठी माणसे आहेत, आणि कथेच्या शेवटी त्या मुलाला मोठ्या माणसांविषयी असे काही कळलेले असते, जे कळले नसते तर बरे झाले असते असे वाचकाला क्षणभर वाटते. परभाषेतल्या पाचही कथा मराठी अनुवादात दिल्या आहेत. अनुवाद वाचनीय आहेत. पण एकाही अनुवादकाचे नाव संचात छापलेले नाही. साहित्य शिकवणाऱ्या माणसांनी हे करावे, याचे वाईट वाटले.

कार्यपुस्तिकेविषयी मात्र जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पत्रकात सर्वांत मोठी जाहिरात तिचीच केलेली आहे. तिच्यात प्रत्येक कथेसाठी एक पान आणि प्रत्येक पानावर चार रकाने आहेत : मुख्य पात्र, पात्रात झालेला बदल, महत्त्वाचे नाते, प्रतीक. पुस्तिकेच्या मागे उत्तरे दिलेली आहेत, आणि ती बरोबरच्या चिन्हाने दिलेली आहेत. चिमटा = त्याग. टमाटे = शेतकऱ्याचे रक्त. घोडी = स्वातंत्र्य. टोपी = वर्गभेद. ज्या पद्धतीने या शहराने दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीत नाव कमावले, त्या लातूर पॅटर्नची ही सरळ छाया आहे. भौतिकशास्त्राच्या सूत्राला ही पद्धत मानवत असेल. कथेला ती मानवत नाही. चिमटा म्हणजे त्याग असे एकदा लिहून टाकले की चिमट्याकडे पाहण्याची गरजच संपते. तो लोखंडाचा आहे, त्याला किंमत आहे, तो कोणाच्या तरी चुलीशी रोज लागणार आहे, हे सगळे त्या बरोबरच्या चिन्हाखाली गाडले जाते. शिवाय 'नाते' आणि 'प्रतीक' हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि माझ्या मते पुस्तिकेतली मूळ खोट तीच आहे. या प्रकारच्या कथांत प्रतीक नात्याच्या बाहेर कधी उभेच राहत नाही.

सुदैवाने वर्गाचे मुख्य मार्गदर्शक सर स्वतःच्या पुस्तिकेपेक्षा बरेच शहाणे आहेत. पहिल्या बैठकीत त्यांनी रकाने भरून घेतले, बहुधा पैसे भरणाऱ्यांच्या समाधानासाठी. त्यानंतर पुस्तिका बाजूला ठेवायला सांगून त्यांनी फळ्यावर तीन छोटे प्रश्न लिहिले : वस्तू कोणी घेतली? कोणासाठी घेतली? शेवटी ती कोणाच्या हातात आहे? ९०० रुपयांचे मोल जर कशात असेल तर ते या तीन प्रश्नांत आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. हे प्रश्न विचारले की व्यक्तिरेखा, नाते आणि प्रतीक हे तीन वेगळे धडे राहत नाहीत. एकाच वस्तूच्या मागे चालत गेले की तिन्ही एका वाटेवर भेटतात.

'ईदगाह'पासून त्यांनी सुरुवात केली. १९३३ साली प्रसिद्ध झालेली ही कथा बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते आणि त्यामुळेच ती नीट वाचली जात नाही. चार-पाच वर्षांचा हमीद, आई-वडील गेलेले, आजी अमीना शिवणकाम करून घर चालवणारी. ईदच्या जत्रेला जाताना त्याच्या खिशात तीन पैसे आहेत. बरोबरच्या मुलांजवळ त्याहून बरेच जास्त पैसे आहेत. ती मुले मातीचा शिपाई, पखालवाला, वकील अशी दोन-दोन पैशांची खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद आजीची बोटे तव्यावर भाजतात हे आठवून चिमटा घेतो. येथवर पोचल्यावर आपण सगळे 'त्याग' लिहून मोकळे होतो. सरांनी मधल्या भागाकडे लक्ष वेधले, जो भाग आपण वर्गात घाईने उरकतो. हमीद चिमट्याचा भाव करतो. दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो, आणि हमीद तीन पैशांत घेतो. परतीच्या वाटेवर तो चिमटा बंदुकीसारखा खांद्यावर टाकतो आणि मित्रांशी असा वाद घालतो की त्यांची खेळणी त्याच्यापुढे फिकी पडतात. म्हणजे हमीद काही संत नाही. त्याला खेळणी हवीच होती. त्याने बोलण्याच्या जोरावर चिमट्याचेच खेळणे करून घेतले. हा हिशेबीपणा, हा हजरजबाबीपणा आणि ही लबाडी वगळली तर हमीदच्या जागी एक आदर्श बालक उरतो, आणि आदर्श बालकाची कथा कोणाला वाचवत नाही.

मग शेवटचा भाग. चिमटा आजीच्या हातात जातो. ती आधी रागावते, मग रडते, आणि प्रेमचंद सांगतात की म्हातारी अमीना लहान मुलगी झाली आणि लहान हमीदने म्हाताऱ्या हमीदची भूमिका केली. भूमिकांची ही अदलाबदल चिमट्यावाचून झाली नसती. वस्तू हातातून हातात गेली त्या क्षणी वयांची अदलाबदल झाली. 'पात्रात झालेला बदल' या रकान्यात पुस्तिका फक्त हमीदविषयी विचारते. वास्तविक बदललेली आहे ती आजी.

'ईदगाह'ला लागून त्यांनी 'लाल चिखल' घेतली, आणि या दोन कथांची जोडी हा संपूर्ण वर्गाचा सर्वोत्तम भाग ठरला. शालेय पाठ्यपुस्तकात असल्यामुळे ही कथा आपल्याकडे पिढीभराने वाचलेली आहे. आठवडी बाजारात टमाटे घेऊन बसलेला शाळकरी मुलगा, कोसळलेला भाव, पडेल किमतीतही न हटणारा ढीग, आणि शेवटी बापाने त्याच ढिगावर चढून पायांनी केलेला टमाट्यांचा लाल चिखल. पुस्तिकेत उत्तर तयारच होते : टमाटे = शेतकऱ्याचे रक्त. वर्गात रेणापूरकडचे एक पन्नाशीतले शेतकरी होते. मुलीला वर्गाला सोडायला आले आणि स्वतःही पैसे भरून बसले, असे त्यांनी सांगितले होते. त्यांनी शांतपणे हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की टमाटा हा माल थांबत नाही. ज्वारी थांबते, तूर थांबते, सोयाबीन घरात टाकून भाव पाहता येतो; टमाटा दोन दिवसांत पाणी सोडतो. तोडणीची मजुरी झालेली असते, कॅरेटचे भाडे झालेले असते, गाडीभाडे दिलेले असते, मोंढ्यात नेला तर आडत आणि हमाली वेगळी. विकला नाही तर परत न्यायलाही भाडे लागते, आणि परत नेऊन करायचे काय? तेव्हा बाजारातच सोडून येणे हाच शहाणपणाचा हिशेब असतो. मग बाप तुडवतो कशाला, असे सरांनी विचारले. शेतकऱ्याचे उत्तर मी वहीत उतरवून घेतले : "सोडून आला तर लोक फुकट उचलून नेतील, सर. पायाखाली घातला तर निदान तो त्याचा राहतो."

सरांचा तिसरा प्रश्न, शेवटी वस्तू कोणाच्या हातात आहे, याला यापेक्षा नेमके उत्तर मला सुचले नसते. शेवटी ती कोणाच्याच हातात नाही. ती पायाखाली आहे, आणि तो उरलेला एकमेव हक्क आहे. आता हे चित्र 'ईदगाह'शेजारी ठेवून पाहावे. तिकडे मूल मोठ्या माणसासारखा व्यवहार करते आणि आजी मुलासारखी रडते. इकडे बाप पाय आपटतो, हट्टी लेकराने आपटावेत तसे, भर बाजारात, चार लोकांच्या देखत. आणि ते पाहणाऱ्या मुलाला त्या क्षणी मोठे व्हावे लागते. दोन्ही कथांत वयांची अदलाबदल आहे. एकीत ती वस्तू मिळाल्याने होते, दुसरीत वस्तू नष्ट केल्याने. एकीत मुलाला आपल्या माणसाची गरज कळते, दुसरीत आपल्या माणसाची हतबलता कळते. 'त्याग' आणि 'रक्त' ही दोन उत्तरे शेजारी शेजारी लिहून यातले काहीही हाती लागत नाही. हमीदच्या कथेत आईबापांची गैरहजेरी आहे आणि टमाट्यांच्या कथेत बाप समोर असूनही वाचवू शकत नाही, हाही फरक सरांनी जाता जाता नोंदवला. त्यावर अजून थांबायला हवे होते, असे वाटले.

'छुट्टी'ची बैठक वेगळ्या कारणाने लक्षात राहिली. या कथेतला फटिक तेरा-चौदा वर्षांचा आहे, गावातल्या पोरांचा म्होरक्या आहे, आणि शिक्षणासाठी कलकत्त्याला मामाच्या घरी पाठवला जातो. त्या वयाचा मुलगा घरात कोणालाच नकोसा वाटतो, लहानासारखे बोलला तर लाडिक वाटतो आणि मोठ्यासारखे बोलला तर उद्धट, असे टागोरांनी मध्येच थांबून केलेले विवेचन या कथेचा कणा आहे. ज्या इमारतीत आम्ही बसलो होतो तिच्या आसपासच्या गल्ल्या अशाच वयाच्या, किंवा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या, मुलामुलींनी भरलेल्या आहेत : गाव सोडून आलेली, खोली करून किंवा वसतिगृहात राहणारी, मेसच्या डब्यावर जेवणारी, काही खरोखर मामाकडे किंवा मावशीकडे ठेवलेली. वर्गात त्यांतले चार-पाच जण होते. त्यांना ही कथा समजावून सांगावी लागली नाही.

पुस्तिकेने येथे प्रतीक म्हणून कथेच्या सुरुवातीचा लाकडाचा ओंडका दिला आहे, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. नदीकाठी पडलेला, डोलकाठी व्हायची वाट पाहणारा, ज्याच्यावर धाकटा भाऊ माखन हटून बसतो तो ओंडका टागोरांनी काही उगाच ठेवलेला नाही. पण खोली करून राहणाऱ्या एका मुलाने सांगितले की त्याच्या लक्षात ओंडका राहिलाच नाही, पुस्तक राहिले. फटिक शाळेचे पुस्तक हरवतो. मामीकडे नवे मागतो. महिन्यातून पाच वेळा पुस्तके कुठून आणू, असे ती सुनावते. फटिकला त्या क्षणी कळते की आपण दुसऱ्याच्या पैशावर आहोत. सरांचे तीन प्रश्न लावून पाहिले तर मुलाचेच म्हणणे बरोबर ठरते. ओंडक्यावर कोणाची मालकी आहे याची मुलांना फिकीर नव्हती, तो गावाकडचा काळ होता. पुस्तक मात्र कोणाच्या पैशाचे, हा प्रश्न शहरात पहिल्या दिवसापासून उभा आहे. त्याच मुलाने पुढे असेही सांगितले की मामी वाईट नाही, तिची स्वतःची तीन मुले आहेत आणि ती हिशेब करते आहे. 'मामीचे स्वभावचित्र लिहा' या प्रश्नाला आपण ज्या तऱ्हेची उत्तरे देतो त्यांत 'दुष्ट' हा शब्द ठरलेला असतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तो टाळावा, याचा एक शिक्षक म्हणून मला आनंद झाला, आणि तो टाळण्याइतके त्याने काय काय पाहिले असेल या विचाराने थोडे अस्वस्थही वाटले. तापात फणफणलेला फटिक पाण्याची खोली मोजणाऱ्या खलाशांची हाळी बडबडतो आणि आई आल्यावर 'मला सुट्टी झाली, मी घरी चाललो' असे म्हणतो, त्या शेवटावर सरांनी काहीही भाष्य केले नाही. पुढची कथा काढायला सांगितली. हे योग्य झाले.

'अ‍ॅरबी' ही १९१४ च्या 'डब्लिनर्स' संग्रहातली कथा. डब्लिनमध्ये १८९४ साली खरोखरच 'अ‍ॅरबी' नावाचा बाजार भरला होता, आणि जॉइसने तो कथेत घेतला. निनावी मुलगा शेजारच्या मँगनच्या बहिणीवर जीव लावून बसतो. तिला बाजाराला जाता येणार नाही म्हणून तिच्यासाठी काहीतरी आणण्याचे कबूल करतो. काका उशिरा, आणि पिऊन, घरी येतात. मुलगा पोचतो तोवर दुकाने बंद होत आलेली असतात. येथे वर्गाने फळ्यावर हिशेब मांडला आणि मला तो फार आवडला. काकाकडून एक फ्लोरिन मिळाला, म्हणजे दोन शिलिंग, म्हणजे २४ पेनी. आत शिरण्याच्या घाईत एक शिलिंग, म्हणजे १२ पेनी, प्रवेशाला गेला. शेवटी त्याच्या खिशात सहा पेन्सचे एक नाणे आणि दोन पेनी वाजतात. म्हणजे आगगाडीचे भाडे वजा जाता उरले आठ. दुकानात चिनी मातीच्या फुलदाण्या आणि नक्षीचे चहाचे संच मांडलेले आहेत. हमीदने तीन पैशांतून तीनही पैशांची वस्तू घेतली. डब्लिनच्या मुलाने २४ पेनींतून काहीही घेतले नाही. त्याची वस्तू कोणाच्याच हातात जात नाही, कारण ती कधी विकतच घेतली गेली नाही. आपल्या लातूरला महाशिवरात्रीच्या सिद्धेश्वर यात्रेत उशिरा पोचलेल्या माणसाला आवरते पाल आणि विझत चाललेले दिवे दिसतात. तेवढ्या अनुभवावर कथेतला शेवटचा अंधार वर्गातल्या प्रत्येकाला दिसला. दुर्दैवाने संचातल्या या कथेचे अखेरचे पान झेरॉक्समध्ये इतके काळे आले आहे की मुलाच्या डोळ्यांत दाटलेला संताप आणि मनस्ताप सरांना स्वतःच्या प्रतीतून वाचून दाखवावा लागला.

या बैठकीविषयी माझी एक गंभीर तक्रार आहे. सगळी चर्चा मुलगा आणि मँगनची बहीण यांच्याभोवती फिरली. प्रेम, भ्रमनिरास, तिच्या मनगटातले रुपेरी कडे, पवित्र पेल्याची प्रतिमा, वगैरे. हे सर्व ठीकच. पण त्या दोघांत एकच काय ते धड बोलणे होते, आणि त्याला नाते म्हणणे कठीण आहे. खरे नाते घरात आहे. हा मुलगा काका-काकूंच्या घरी राहतो, फटिक मामा-मामीच्या घरी राहतो. दोघांनाही हव्या असलेल्या वस्तूसाठी घरातल्या मोठ्या माणसाच्या खिशाची आणि आठवणीची वाट पाहावी लागते. फटिकची मामी हिशेब विसरत नाही, डब्लिनचे काका मुलाला दिलेला शब्दच विसरतात. या दोहोंपैकी मुलाला अधिक एकटे काय पाडते, हा तुलनेचा सर्वांत सुपीक प्रश्न होता. तौलनिक अभ्यासाच्या वर्गात तो एकदाही विचारला गेला नाही, याचे कारण दोन कथा दोन वेगळ्या पानांवर, दोन वेगळ्या तक्त्यांत होत्या, याखेरीज दुसरे दिसत नाही.

मन्रोची कथा दुसऱ्या मार्गदर्शक बाईंनी घेतली. १९६८ च्या संग्रहातली ही कथा एका अशा मुलीची आहे, जी कोल्ह्यांच्या फार्मवर वडिलांचा मदतनीस म्हणून मिरवते आणि आईच्या स्वयंपाकघरातल्या कामाला नाक मुरडते. कोल्ह्यांच्या खाण्यासाठी म्हातारी घोडी मारायची असते. फ्लोरा नावाची ती घोडी उधळते. वडील फाटक लावायला ओरडून सांगतात आणि मुलगी ते सताड उघडते. घोडी शेवटी पकडली जाते आणि मारली जातेच. धाकटा भाऊ जेवताना चुगली करतो, आणि वडील म्हणतात, ती काय, मुलगीच आहे.

बाईंनी सरांचे तीन प्रश्न येथे लावून पाहिले आणि ते लागत नाहीत हे मोकळेपणाने मान्य केले. फाटक कोणी विकत घेतलेले नाही, ते कोणाच्या हातात जात नाही. मग त्यांनी प्रश्न बदलला : त्या क्षणी कोण कोणाच्या बाजूने उभे राहिले? हा बदल मला अत्यंत मोलाचा वाटला, कारण पद्धत कथेपुढे वाकवायची असते, उलट नाही, हे विद्यार्थ्यांनी डोळ्यांदेखत पाहिले. 'घोडी = स्वातंत्र्य' हे पुस्तिकेचे उत्तर तर बाईंनी थेट खोडून काढले. घोडीला स्वातंत्र्य मिळाले नाही; मिळणार नव्हते, हे मुलीला ठाऊक होते. तिने फक्त वडिलांची बाजू सोडली. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, त्यामुळे म्हाताऱ्या जनावराचे पुढे काय होते याबद्दल वर्गात कोणाच्या भाबड्या कल्पना नव्हत्या, आणि चर्चा फार लवकर घोडीवरून वडिलांच्या वाक्यावर आली. डी.एल.एड. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे मत असे पडले की वडिलांनी रागवायला हवे होते. रागावले असते तर तिने काहीतरी केले असे ठरले असते. माफ केले म्हणजे ते मोजलेच नाही. आणि मुलगी मनातूनही विरोध करत नाही, कदाचित ते खरेच असेल असे म्हणते, तिथे ही कथा इतर पाचांहून निराळी होते. इतर मुलांना इतरांविषयी काही कळते. हिला स्वतःविषयी काहीतरी सांगितले जाते, आणि ती ते मानते.

'द गार्डन पार्टी' उरलेल्या वेळात उरकली गेली. लॉराची टोपी, टेकडीखालच्या वस्तीतला मेलेला गाडीवान, मेजवानीतले उरलेले पदार्थ भरलेली टोपली, इतके सांगून बैठक संपली. आईने टोपी आपल्या डोक्यावरून लॉराच्या डोक्यावर ठेवली, हे सरांच्या तिन्ही प्रश्नांना चपखल बसणारे उदाहरण होते, आणि तेच वाया गेले. वेळापत्रकात प्रमाणपत्र वाटपासाठी पाऊण तास राखून ठेवलेला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

संचातल्या निवडीबद्दल वर चांगले लिहिले असले तरी तिच्यात एक मोठी पोकळी आहे. मुलगी केंद्रस्थानी असलेल्या दोनच कथा आहेत, एक कॅनडातली आणि एक न्यूझीलंडच्या लेखिकेची. मराठवाड्यातली मुलगी या संचात कुठेच नाही. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांबरोबर मुले जातात, काही आजीपाशी मागे राहतात. शाळेच्या हजेरीपटावर त्यांची नावे आम्ही शिक्षक दर हंगामात पाहतो. हमीद आणि अमीना यांची कथा वाचताना त्या आजी-नातींची आठवण वर्गातल्या दोघी-तिघींनी काढली, पण हाताशी मजकूर नसल्याने चर्चा तिथेच थांबली. परभणीचे आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, बी. रघुनाथांसारखे लेखक त्याच परभणीचे. लातुरात बसून संच करणाऱ्यांना जवळच्या कपाटात हात घालणे अवघड नव्हते. या मातीतली एकच कथा ठेवायची आणि तीही पाठ्यपुस्तकात आधीच असलेली, हा आळस आहे.

सोयींविषयी थोडक्यात. जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे निवृत्त मंडळींना त्रास होतो. खुर्च्या पुरेशा आहेत, पाण्याची सोय चांगली आहे, तुकडी तीसच्या आसपास असल्याने प्रत्येकाला बोलायला मिळते. शेजारच्या दालनातला भौतिकशास्त्राचा तास प्लायच्या भिंतीतून स्पष्ट ऐकू येतो, आणि फटिकच्या तापात मध्येच घर्षणाचे गुणांक शिरतात. वर्ग सातला संपतो असे लिहिले आहे, पण बहुधा साडेसात होतात. औसा, निलंगा, रेणापूरकडे एस.टी.ने परतणाऱ्यांनी हे गृहीत धरावे. हजेरी मोबाइलवर क्यूआर कोडने घेतात आणि तिच्यात प्रत्येक वेळी दहा मिनिटे जातात.

मराठी किंवा हिंदी शिकवणाऱ्या शिक्षकांनी, डी.एल.एड. आणि बी.ए.च्या विद्यार्थ्यांनी हा वर्ग जरूर करावा, असे माझे मत आहे. माझ्या स्वतःच्या वर्गात सरांचे तीन प्रश्न मी वापरू लागले आहे, आणि स्वभावचित्राच्या उत्तरांत विशेषणे कमी होऊन प्रसंग वाढले आहेत. केवळ परीक्षेतल्या गुणांसाठी कोणी येणार असेल तर त्याने पुस्तिकेतली उत्तरे पाठ करून घरी बसावे, तेवढ्यासाठी ९०० रुपये जास्त आहेत. संच आणि पुस्तिका वेगळी विकत मिळते का, असे मी कार्यालयात विचारले. ३५० रुपयांना मिळते, पण सर आणि बाई त्यात येत नाहीत, तेव्हा ती घेण्यात अर्थ नाही. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. पैसे भरण्यापूर्वी मन्रोची कथा बाईच घेणार आहेत ना, हे विचारून घ्यावे, आणि संच हातात आल्यावर 'अ‍ॅरबी'चे शेवटचे पान वाचता येते का ते तिथल्या तिथे तपासून, नसेल तर बदलून मागावे. मागितल्यावर ते देतात.